हानलेच्या रात्रीचे रंग कॅमेऱ्यात आणताना

लडाखमधल्या हानलेहून काढलेल्या फोटोंत हिरवे पट्टे, क्षितिजावर लालसर झाक, आकाशगंगेच्या गाभ्याला पिवळट-तपकिरी रंग असं सगळं दिसतं. तिथे उभं राहून पाहणाऱ्याला मात्र तेच आकाश राखाडी दिसतं. मंद उजेडात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ गप्प असतात, कॅमेऱ्याच्या सेन्सरला ती अडचण नाही. म्हणून फोटोतला रंग बहुतेक वेळा खरा असतो, फक्त फार फिका असतो. तो टिपायचा तर आधी ठरवावं लागतं की आपण नेमका कुठला रंग शोधतोय. दिशा, वेळ, लेन्स, एक्स्पोजर या सगळ्या गोष्टी त्यावरून ठरतात. नुसतं ‘आकाशाचे छान फोटो’ काढायला गेलेला माणूस साधारणपणे निळंजांभळं आकाश घेऊन परत येतो, आणि निळा-जांभळा हे दोन रंग तर गडद रात्री आकाशात नसतातच म्हटलं तरी चालेल.

कुठला रंग कशाचा

हिरवा रंग वातावरणाच्या स्वतःच्या प्रकाशाचा. इंग्रजीत त्याला एअरग्लो म्हणतात, आपण वायुदीप्ती म्हणू. दिवसा सूर्याच्या अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटतात, रात्री ते अणू पुन्हा एकत्र येताना प्रकाश देतात. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर, आणि तो साधारण ९० ते १०० किलोमीटर उंचीवरच्या पातळ थरातून येतो. क्षितिजाकडे पाहताना नजर या थरातून तिरकी, म्हणजे लांबवर जाते, म्हणून डोक्यावरच्यापेक्षा क्षितिजापासून १० ते १५ अंशांवर तो ठळक दिसतो. खालच्या हवेतल्या लाटा त्या थरापर्यंत पोहोचल्या की नांगरलेल्या शेतासारख्या पट्ट्या उमटतात.

लाल रंगाचे दोन स्रोत आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. एक ऑक्सिजनचाच, ६३० नॅनोमीटरचा, २५० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून वरचा. उत्तेजित अणूला हा प्रकाश सोडायला दीडएक मिनिट लागतं. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात तो दुसऱ्या कणावर आपटून ऊर्जा गमावतो, त्यामुळे हा लाल फक्त वरच्या विरळ हवेतच टिकतो. एरवी तो मंद वायुदीप्तीच्या रूपात असतो, सौरवादळात मात्र उत्तर क्षितिजावर ध्रुवीय प्रकाश किंवा लाल कमान होऊन उभा राहतो. दुसरा लाल तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा. बाजारातल्या साध्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरपुढची काच हा दुसरा लाल बराचसा अडवते. त्यामुळे धनू राशीतले तेजोमेघ गुलाबी ठिपक्यांएवढेच येतात आणि मृगाभोवतीचं मोठं लाल कडं येतच नाही. ते हवं असेल तर ती काच बदललेला कॅमेरा लागतो. ६३० नॅनोमीटरचा लाल मात्र साध्या कॅमेऱ्यातही बऱ्यापैकी उतरतो.

बाकीचे रंग ताऱ्यांचे. ज्येष्ठा नारिंगी, काक्षी तांबडा, राजन्य निळसर पांढरा, कृत्तिका निळ्या. आकाशगंगेच्या गाभ्याचा पिवळटपणा म्हाताऱ्या ताऱ्यांचा आणि मधल्या धुळीचा. क्षितिजाजवळ पांढरट-नारिंगी घुमट एकाच जागी रात्रभर दिसत असेल तर तो कुठल्यातरी वस्तीचा उजेड समजायचा. आणि पट्टा ढगाचा आहे की वायुदीप्तीचा हे तारे सांगतात: ढगामागे ते झाकले जातात, वायुदीप्तीतून आरपार दिसतात.

कधी जायचं

भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर अर्धं काम होतं. अमावास्येच्या आधीचे पाच आणि नंतरचे तीन-चार दिवस धरा. संकष्टीचा चंद्रोदय आपल्याला तोंडपाठ असतो, रात्री नऊच्या मागेपुढे. तिथून रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे मोजत गेलं की वद्य एकादशीला चंद्र पहाटे तीनच्या सुमाराला उगवतो, म्हणजे रात्रीचा मोठा भाग अंधाराचा. शुद्ध तृतीया-चतुर्थीचा चंद्र उलट लवकर मावळतो, तोवर तोच समोरच्या डोंगरांवर हलका उजेड पाडतो आणि पुढच्या दृश्याचा फोटो फुकटात मिळतो. नेमक्या वेळा जागेप्रमाणे बदलतात, त्या स्टेलॅरियमसारख्या, संगणकावर किंवा फोनवर आकाश दाखवणाऱ्या प्रणालीत हानलेचे अक्षांश (३२.८ उत्तर) आणि रेखांश (७९ पूर्व) घालून बघाव्यात.

जूनमध्ये हानलेत सूर्य साडेसातच्या जरा आधी मावळतो, पण पूर्ण अंधार व्हायला नऊ वाजून जातात आणि पहाटे साडेतीनपूर्वीच आकाश उजळायला लागतं. रात्र लहान, पण आकाशगंगेचा गाभा मध्यरात्री बरोबर दक्षिणेला असतो. तिथे तो फक्त २८ अंश वर चढतो. मुंबईहून तोच ४२ अंशांवर दिसतो. म्हणजे गाभ्याच्या बाबतीत आपण महाराष्ट्रातले लोक जास्त नशीबवान आहोत, फक्त आपलं आकाश तेवढं काळं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लडाखमध्ये पाऊस थोडाच असला तरी ढग पाठ सोडत नाहीत. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर सर्वात भरवशाचा: हवा स्वच्छ, रात्र मोठी, आणि एकाच रात्रीत संध्याकाळी गाभा, मध्यरात्रीनंतर मृग.

हानलेत पोहोचणं आणि तिथली शिस्त

हानले लेहपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा या रस्त्याने. सीमाभाग असल्याने परवाना लागतो. तो निघण्याआधी काढावा, नियम त्या त्या हंगामात तपासून घ्यावेत आणि कागदाच्या दोन-तीन प्रती जवळ ठेवाव्यात. पेट्रोल लेह किंवा कारूला टाकी भरून घ्यायचं. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात, पण हानलेत त्यांच्यावरही फार विसंबू नये. नकाशे आणि आकाशाची प्रणाली ऑफलाइन वापरता येईल अशी करून ठेवा.

गाव सुमारे ४,३०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या घरात असतो. मुंबई-पुण्याहून विमानाने लेहला उतरून दुसऱ्या दिवशी हानले गाठणं हा वेडेपणा आहे. लेहमध्ये किमान दोन रात्री, जमल्यास वाटेत आणखी एक. फोटो काढणारा रात्रभर जागा असतो, थंडीत उभा असतो, पाणी प्यायचं विसरतो, त्यामुळे त्याला इतर पर्यटकांपेक्षा त्रास जास्त होतो. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर चढणं थांबवायचं. बसल्या जागी धाप लागली, बोलणं बरळल्यासारखं झालं, चालताना तोल गेला, तर रात्र असो की पहाट, ताबडतोब खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. आणखी एक गंमत अशी की प्राणवायू कमी पडला की डोळ्यांची अंधारातली नजरही कमी होते. हानलेत पहिल्या रात्री ‘ऐकलं होतं तेवढे तारे नाहीत’ असं वाटलं तर दोष आकाशाचा नसेल.

डिसेंबर २०२२ मध्ये हानलेभोवतीचं १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र अंधारं आकाश राखण्यासाठी अधिसूचित झालं. मध्यभागी भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, दोन मीटरच्या ‘हिमालयन चंद्रा’ दुर्बिणीसह. ही दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. त्यामुळे इथला अंधार हा कुणाच्या तरी कामाचा भाग आहे. गाडीचा प्रखर दिवा लावायचा नाही, खोलीचे पडदे ओढायचे, डोक्यावरचा टॉर्च लालच वापरायचा, लेझर आकाशाकडे दाखवायचा नाही, आणि डोंगर ‘लाइट पेंटिंग’ने उजळायचा मोह आवरायचा. गाडी जागेवर दिवसाउजेडीच नेऊन लावा. काही गाड्यांचे आतले दिवे दार उघडलं की पेटतात, ते आधीच बंद करून ठेवा. कुरणातून गाडी घालू नका. ओलसर गवताळ पट्टा किआंग (इथली रानगाढवं) आणि काळ्या मानेच्या क्रौंचांचा आहे, आणि चाकांच्या खुणा तिथे वर्षानुवर्षं जात नाहीत. ड्रोन विसरा. लष्करी ठाणी चौकटीत येऊ देऊ नका. गावातल्या काही तरुण-तरुणींना आकाश दाखवण्याचं प्रशिक्षण आणि दुर्बिणी दिलेल्या आहेत. त्यांच्यापैकी कुणाला बरोबर घेतलं तर जागा शोधण्याचे दोन दिवस वाचतात.

सामान

कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा असला तर उत्तम, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवरही काम होतं. लेन्स महत्त्वाची: १४ ते २४ मिलिमीटर, एफ/१.८ ते २.८. क्रॉप सेन्सरला १० ते १६. किट लेन्सच्या एफ/३.५ वर गाभा येईल, पण वायुदीप्तीच्या पट्ट्या नॉइजमध्ये, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणात, बुडतील. ट्रायपॉड जड हवा आणि त्याचा मधला दांडा वर काढायचा नाही, कारण हानलेत वारा दुपारनंतर सुटतो आणि कधी कधी मध्यरात्रीपर्यंत पडत नाही. वजन म्हणून पिशवी टांगायचीच असेल तर ती जमिनीला टेकू द्या, लोंबकळती पिशवी स्वतःच ट्रायपॉड हलवते. पायांवर फोम गुंडाळला तर उघड्या धातूला बोटं चिकटत नाहीत.

ऑक्टोबरच्या रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. लिथियम बॅटरी अशा थंडीत निम्म्यावर येऊन ‘संपली’ असं दाखवते, खिशात गरम केली की थोडी पुन्हा चालते. रात्रीला तीन बॅटरी धरा, वापरात नसलेल्या दोन आतल्या खिशात. घरांमध्ये वीज ठरावीक वेळच असू शकते, म्हणून पॉवर बँक हवीच. विमानात ती आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. टाइमर असलेला केबल रिलीज, दोन मेमरी कार्डं, बोटं मोकळी राहतील असे पातळ हातमोजे आणि त्यावर जाड. हानलेची हवा कोरडी, त्यामुळे दव सह्याद्रीसारखा त्रास देत नाही. भंडारदरा किंवा हरिश्चंद्रगडावर मात्र लेन्स गरम ठेवणारा पट्टा नसेल तर रात्री अकरानंतर काच धुकटलीच म्हणून समजा. हानलेत उलट संकट पहाटे येतं: गारठलेला कॅमेरा बुखारी (खोली गरम करणारी शेगडी) पेटवलेल्या खोलीत नेला की आतपर्यंत ओलं बाष्प बसतं. बाहेरच त्याला झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीत तीन-चार तास तसाच राहू द्या. कार्ड मात्र आधी काढून घ्या, नाहीतर उत्सुकतेपोटी पिशवी उघडली जातेच.

फोकस

रात्रीचे निम्मे फोटो इथेच वाया जातात. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, थंडीत ती खूण आणि खरा अनंत यांत फरक पडतो. ऑटोफोकस बंद. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) तात्पुरता चढवा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, चौकटीच्या मध्याजवळचा ठळक तारा धरा आणि दहापट मोठा करा. आता रिंग हळूहळू फिरवा. ताऱ्याचा फुगलेला गोळा आकसत जाईल, टाचणीच्या टोकाएवढा होईल, आणि पुढे गेलात की पुन्हा फुगेल. बऱ्याच लेन्समध्ये एका बाजूला ताऱ्याची कड जांभळी-लाल दिसते आणि दुसऱ्या बाजूला हिरवट. या दोन्हींच्या मधली, कडेला रंग नसलेली जागा आपल्याला हवी. तिथे रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, दाबून नाही, अलगद, नाहीतर लावतानाच रिंग सरकते. एक दहा सेकंदांचा फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहा. कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटलेले दिसले तर तो लेन्सचा दोष, अ‍ॅपर्चर अर्धा ते एक स्टॉप बंद केल्यावर कमी होतो. एका बाजूचेच तारे फुगलेले असतील तर लेन्सची घडण तिरकी आहे, त्यावर जागेवर उभं राहून उपाय नाही. तापमान झपाट्याने उतरत असेल तर तासातासाने फोकस पुन्हा तपासा.

एक्स्पोजर

‘५०० भागिले फोकल लेंग्थ’ हा नियम फिल्मच्या काळातला. २० मिलिमीटरला तो २५ सेकंद सांगतो, आणि आजच्या सेन्सरवर त्यात तारे स्पष्ट रेघा होतात. जास्त अचूक हिशेब असा: अ‍ॅपर्चरच्या आकड्याला ३५ ने गुणा, पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराला ३० ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि फोकल लेंग्थने भागा. सहा मायक्रॉनचे पिक्सेल, २० मिलिमीटर, एफ/१.८ असेल तर ६३ अधिक १८० म्हणजे २४३, भागिले २०, म्हणजे बारा सेकंद. १४ मिलिमीटर आणि एफ/२.८ असेल तर वीस सेकंद. उत्तरेकडे ध्रुवाजवळचे तारे हळू सरकतात, तिथे यापेक्षा थोडं जास्त चालतं.

आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा, एफ/२.८ असेल तर ६४००. फोटो ठीक आहे की नाही हे पडद्यावरच्या चित्रावरून ठरवू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना काळाकुट्ट फोटोही झगझगीत दिसतो. पडद्याचा उजेड किमान करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहा: आलेखातला डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेला असावा, साधारण पाव रुंदीपर्यंत आलेला. शहराजवळच्या आकाशात तो सहज मध्यावर येतो, हानलेत येत नाही आणि आणायचाही नाही. ताऱ्यांचे रंग हेच मुख्य ध्येय असेल तर आयएसओ १६०० वर या. ६४०० ला ठळक तारे पांढरे जळून जातात आणि पांढऱ्या झालेल्या ताऱ्याचा रंग नंतर कशानेही परत येत नाही. काही जण ज्येष्ठा किंवा मृगासाठी हलका डिफ्यूजन फिल्टर लावतात. त्याने ठळक ताऱ्याचा प्रकाश पसरतो आणि पसरलेल्या भागात रंग टिकतो. मृगाला तो शोभतो, गाभ्याला नाही, तिथे सगळं धुरकट होतं.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, दर फोटोला तो बदलतो आणि नंतर जोडकाम करताना त्रास होतो. ४००० ते ४५०० केल्व्हिनवर कायम करा. लोकप्रिय निळी रात्र ३२०० केल्व्हिनच्या सेटिंगमधून येते. त्यात वायुदीप्तीचा हिरवा नीलसर होतो आणि लाल मरतो. फाइल रॉ. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, कारण प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकून राहतो. त्याऐवजी शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर दहा-पंधरा काळे फोटो काढा, त्यांच्या आधारे नॉइज नंतर संगणकावर वजा करता येतो.

एकच फोटो घेऊन थांबू नका, त्याच चौकटीचे सोळा घ्या. सोळा फोटो एकावर एक रचले की नॉइज चौथ्या हिश्शावर येतो. पण इथे एक मेख आहे. वायुदीप्तीच्या पट्ट्या सरकत असतात. बारा सेकंदांचे सोळा फोटो म्हणजे सव्वातीन मिनिटं, एवढं चालतं. चाळीस फोटो रचले तर तारे रेशमासारखे येतात आणि पट्ट्यांचा लगदा होतो. तारे अनुसरणारा ट्रॅकर वापरून दोन-तीन मिनिटांचे लांब एक्स्पोजर घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ट्रॅकर गाभा आणि धुळीच्या रेघांसाठी बिनतोड, वायुदीप्तीसाठी नाही. हानलेत ध्रुवतारा ३३ अंश उंच असतो. ट्रॅकरचा आस त्या उंचीवर लावायचा आणि मग त्याच्या दुर्बिणीतून बारीक जुळवणी करायची. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, म्हणून तो नुसता मधोमध ठेवला तर लांब एक्स्पोजरमध्ये तारे ओढले जातात.

पुढच्या दृश्याचे, म्हणजे डोंगर, गोंपा (बौद्ध मठ), नदी यांचे फोटो वेगळे: ट्रॅकर बंद, आयएसओ १६००, दोन ते चार मिनिटं.

उत्तरेचा लाल

१० आणि ११ मे २०२४ च्या रात्री, अत्यंत तीव्र सौरवादळात, हानलेच्या कॅमेऱ्यांनी उत्तरेला लाल प्रकाश टिपला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरच्या वादळातही तो दिसला. एवढ्या दक्षिणेला ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा भाग दिसत नाही, तो क्षितिजाखाली राहतो. शेकडो किलोमीटर उंचीचा वरचा लाल भाग तेवढा डोकावतो. त्यामुळे जाहिरातींतल्या हिरव्या पडद्यांची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

अंदाज असा घ्यायचा: सूर्यावरून पृथ्वीच्या रोखाने मोठा उद्रेक झाला की तो पोहोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. अमेरिकेच्या नोआ संस्थेचं अवकाश-हवामान केंद्र जी१ ते जी५ अशी वादळाची श्रेणी आणि दर तीन तासांचा केपी निर्देशांक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा आकडा, देतं. हानलेसाठी केपी ५ किंवा ६ ची बातमी झोप मोडण्यालायक नाही. ८ च्या पुढे असेल तर ट्रायपॉड उत्तरेला लावून बसावं. लेन्स १४ ते २४, क्षितिज चौकटीच्या खालच्या पाचव्या भागात, ध्रुवतारा वरच्या अर्ध्यात. १५ सेकंद, आयएसओ ३२०० ते ६४००, केल्व्हिन ४५००, आणि टाइमरवर दर २० सेकंदाला एक फोटो, अखंड. प्रकाश कधी वीस मिनिटांत येऊन जातो. डोळ्यांना उत्तरेला फक्त फिकट पांढुरकं काही वाटेल, कदाचित तेही नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी पडद्यावर लाल शोधत राहा. शहरी उजेड कापणारे फिल्टर लेन्सवर असतील तर काढून ठेवा. त्यांपैकी बरेच लाल-नारिंगी भागातला प्रकाशही कमी करतात, आणि इथे कापायला शहरी उजेड नाहीच.

ऑक्टोबरातली एक रात्र

महिन्याच्या मध्यावर सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. चारला जागेवर पोहोचा, चौकटी ठरवा, ट्रायपॉडच्या पायांखाली दगड सारखे करा. मावळल्यानंतर पाऊण तासाने, निळसर उजेड शिल्लक असताना पुढच्या दृश्याचे फोटो उरका आणि मग कॅमेरा हलवू नका. सात-सव्वासातला पूर्ण अंधार होतो. तेव्हा आकाशगंगेचा गाभा नैऋत्येला २० अंशांच्या आत असतो आणि सव्वानऊपर्यंत मावळतो, म्हणजे कामाचा वेळ जेमतेम तासभर. उभ्या चौकटींचा पॅनोरमा करणार असाल तर पश्चिमेकडून सुरुवात करा, कारण तीच बाजू आधी बुडते. २४ मिलिमीटरला सात-आठ चौकटी, प्रत्येकीत आधीच्या चौकटीचा किमान तिसरा हिस्सा.

नऊ ते साडेदहा जेवण, आणि कॅमेरा उत्तरेला टाइमरवर. वायुदीप्ती रात्री-रात्रीला बदलते, कधी सपाट असते आणि तासाभरात पट्ट्या येतात. साडेदहाच्या सुमाराला मृग पूर्वेला उगवतो. तो क्षितिजावर असताना काक्षी आणि राजन्य भडक लुकलुकतात, फोटोत रंग मळतात. दीड-दोनला तो वर आला की घ्या. मधल्या वेळात झोपा. पावणेचारपासून पूर्वेला राशिचक्रावरच्या धुळीचा पांढरट तिरका शंकू उभा राहतो. त्याला आकाशगंगा समजू नका, आकाशगंगा वेगळी, डोक्यावरून गेलेली असते. पाचच्या आत पहाट लागते.

संगणकावर

रचण्यासाठी विंडोजवर सिक्वेटर, मॅकवर स्टारी लँडस्केप स्टॅकर, कुठल्याही प्रणालीवर सिरिल. आकाश आणि जमीन वेगळे मुखवटे (मास्क) देऊन रचा. उपग्रहांच्या रेघा स्टॅकिंगमधल्या ‘सिग्मा’ पद्धतीने आपोआप गळतात. आधी लेन्सच्या कडांचा काळेपणा दुरुस्त करा, नंतर रंगाला हात लावा, उलट केलंत तर कोपरे लालसर होतात.

सर्वात मोठा घोळ हिरव्याचा होतो. सिरिलसह बऱ्याच प्रणालींत ‘हिरवा नॉइज काढा’ अशी सोय असते. दूरच्या दीर्घिकांच्या फोटोंना ती उपयोगी आहे. इथे ती एका क्लिकमध्ये वायुदीप्ती पुसून टाकते. टिंटचा सरकता काटा मॅजेंटाकडे ढकलणंही तेच करतं आणि मग आकाश जांभळं होतं. व्हाइट बॅलन्स आकाशाच्या पार्श्वभूमीवरून न ठरवता ताऱ्यांवरून ठरवा: पिवळसर, पांढरे, निळसर असे सगळ्या छटांचे तारे एकाच चौकटीत दिसायला लागले की थांबा. पार्श्वभूमीचा आकडा २५५ पैकी २५ ते ३५ च्या दरम्यान ठेवा, आकाश शून्यावर गेलं की फिकट लाल आधी मरतो. सॅच्युरेशन सगळ्यावर एकदम चढवू नका, रंगनिहाय थोडं थोडं चढवा. धूळ तपकिरीच राहू द्या, ती सोनेरी केली की फोटो पोस्टरसारखा दिसतो.

वायुदीप्तीचा हलका उतार आठ बिटच्या जेपेगमध्ये पायऱ्या-पायऱ्यांनी फाटतो. संपूर्ण काम सोळा बिटमध्ये करा आणि शेवटी अगदी बारीक दाणा मिसळून एसआरजीबीमध्ये निर्यात करा. छापायला देताना उजेड पडद्यापेक्षा अर्धा स्टॉप चढवून एक छोटा नमुना आधी मागा. मॅट कागदावर गडद लाल तपकिरी होऊन बसतो, अशा फोटोंना चकचकीत किंवा मेटॅलिक कागद घ्यावा.